तिच्या तक्रारी

यंदा कूलरला खसच्या नव्या ताट्या लावल्या, पाणी सोडलं, आणि त्या ओल्या वासासरशी कॉलेजातल्या मैत्रिणीची खोली आठवली. आम्ही दोघांनी एकाच प्रोग्रॅमिंग भाषेसाठी आपापलं व्हर्च्युअल मशीन लिहिलं होतं, म्हणजे त्या भाषेतला प्रोग्रॅम कुठल्याही कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर, आणि दोघांनीही ते कुणालाही फुकट वापरता यावं म्हणून नेटवर मोकळं ठेवलं होतं. मे महिन्यातल्या एका दुपारी बर्डीच्या बाजारातून उन्हात भाजत मी तिच्याकडे पोचलो, तर ती कूलरसमोर लॅपटॉप घेऊन वैतागून बसलेली. "हे लोक मले जेवू देऊन नाही राहिले गा," ती म्हणाली. कुणाचा प्रोग्रॅम मधेच बंद पडत होता, कुणाची मेमरी भरत होती. पार ब्राझील-जपानहून लोक तिला तक्रारी लिहीत होते. मी एकेक वाचत गेलो आणि त्या गार हवेतही माझं अंग तापलं. "तुले बी येते काय गा अशा तक्रारी?" तिनं विचारलं. "एकही नाही," मी ऐटीत म्हणालो. "अरे बाप्पा! इतकं पक्कं लिहिलं तू?" तिच्या आवाजात खरंखुरं कौतुक होतं, आणि तेच जास्त झोंबलं, कारण माझं मशीन माझ्याशिवाय कुणी वापरतच नव्हतं. आता माझ्या ऑफिसातलं सगळं काम तिच्याच मशीनवर चालतं. परवा मला त्यात एक चूक सापडली, ती दुरुस्त कशी करायची तेही कळलं. पण कळवलं नाही. तिला तक्रारींची काय कमी?