राजारामपुरीतून सीमेवर

दोन हजार दोनचा उन्हाळा. सैन्य सीमेवर जाऊन कित्येक महिने झाले होते. लढाई करायची की नाही हे दिल्लीत ठरत नव्हतं, म्हणून ते मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत बसून ठरवत होतो.

कॅफे कसला, एक लांबट गाळा. पुढं काचेचा एसटीडी बूथ, मागं पार्टिशन घालून मांडलेले चार कॉम्प्युटर. मालकांना सगळे भाई म्हणत. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या शिवणकाम करणारं. भाईंनी मशिनी विकून हा धंदा मांडला होता, पण गिऱ्हाईक आत आलं की अजूनही ते आधी त्याला डोळ्यांनी मापून घेत. माझं माप त्यांनी पहिल्याच आठवड्यात घेतलं होतं. मी आलो की म्हणायचे, "या सेनापती. कोपऱ्यातला तोफखाना मोकळाच हाय."

मी तिथं जायचो ते जगभरच्या मराठी माणसांनी गप्पांसाठी काढलेल्या एका संकेतस्थळाच्या चर्चामंडळावर लिहायला. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. 'राष्ट्र' लिहायला इतकी अक्षरं लागायची की ते लिहून होईपर्यंत निम्मा आवेश ओसरायचा. उरलेल्या निम्म्यावर मी भागवत असे.

माझं शिक्षण हुपरीत झालं. वडील घरीच पैंजणांना घुंगरू जोडायचे, आई पॉलिश करायची, आणि त्या घरातून पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. शाळेतल्या एका सरांनी मला सायकलवर डबलसीट घेऊन गावोगावच्या वादविवाद स्पर्धांना नेलं. त्यांच्यामुळं मी चारचौघांत उभा राहून बोलायला शिकलो, नोकरीही त्याच जोरावर लागली. त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. फक्त त्यांनी शिकवलेलं मी इंटरनेटवर वापरायला नको होतं. स्पर्धेत आपली बाजू चिठ्ठीत येते, वेळ संपली की घंटा वाजते, आणि शेवटी परीक्षक उठून निकाल सांगतात. इंटरनेटवर मी मुद्दा मांडायचो आणि खुर्चीला टेकून निकालाची वाट बघायचो. निकाल यायचा नाही. न्यू जर्सी यायचा.

न्यू जर्सी म्हणजे तिथं राहणारा एक मराठी गृहस्थ. सरकारचं धोरण चुकतंय, एवढं सैन्य इतके दिवस सीमेवर नुसतं उभं करून काही साधत नाही, असं त्याचं म्हणणं. आता एकदा आर या पार होऊन जाऊ दे, असं माझं. मी लिहायचो, "इतिहास साक्षी आहे!" स्पर्धेत या वाक्याला हमखास टाळ्या पडत. न्यू जर्सी शांतपणे विचारायचा, "कुठला इतिहास? पुस्तक आणि पान सांगता का?" साक्षीदाराचा पत्ता विचारणारा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता.

एकदा असाच कोंडीत सापडल्यावर मी शेवटचं अस्त्र काढलं. लिहिलं, "माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान आज सीमेवर उभे आहेत. तुम्ही मला पुरावे शिकवू नका."

ते खरंच होतं. दाजी सैन्यात होते आणि राजस्थानात कुठंतरी त्यांची तुकडी होती. पण त्या एका वाक्यानं मंडळावर माझी किंमत एकदम वाढली. लंडनहून एकानं, बंगळुरूहून दोघांनी लिहिलं, "त्यांना विचारून सांगा ना, खरी परिस्थिती काय आहे?" न्यू जर्सीनंही लिहिलं, "जरूर विचारा. मला जाणून घ्यायला आवडेल." मी युद्धवार्ताहर झालो.

दाजींचा फोन भाईंच्याच बूथवर यायचा. एखाद्या रविवारी दुपारी, त्यांना जमलं तर. त्यांचं गाव शाहूवाडीकडं डोंगरात, तिथला फोन वारा सुटला तरी बंद पडायचा. म्हणून त्यांचे वडील, म्हणजे बहिणीचे सासरे, एसटीनं कोल्हापूरला यायचे. बहीण तेव्हा माहेरी होती, ती आबांबरोबर, म्हणजे आमच्या वडिलांबरोबर, हुपरीहून यायची. मी तर नोकरीमुळं तिथलाच. सगळे बूथबाहेरच्या बाकड्यावर फोनची वाट बघत बसायचे.

फोन आला की बोलायची पाळी ठरलेली असे. ती कुणी ठरवली नव्हती, पण मोडलीही कुणी नव्हती. आधी सासरे. ते लावणीला आलेलं भाताचं तरू, म्हैस, बांधावरून शेजाऱ्याशी झालेली कुरबूर असं सगळं सविस्तर सांगत. मग आबा. ते कान लावून फक्त "बरं हाईसा न्हवं? बरं हाईसा न्हवं?" असं ओरडत. मग मी. आणि राहिलेल्या वेळात बहीण. बूथचं दार उघडं, दारात आम्ही तिघं पुरुष, आणि ती पदर सारखा करत "हं... हं... बरं... व्हय" एवढंच बोलायची. दाजींच्या मागंही जवानांची रांग असायची. बहुतेक वेळा तिच्या तिसऱ्या 'हं'ला लाईन तुटायची.

माझ्या पाळीला मी आता काम करू लागलो होतो.

"दाजी, लढाई होणार काय?"

"जेवलासा का?" दाजी म्हणायचे.

"जेवलो. तिथलं वातावरण कसं हाय?"

"ऊन लई हाय बघा."

मी लगेच पार्टिशनच्या मागं जाऊन टाईप केलं, "सीमेवरून थेट: वातावरण कमालीचं तापलं आहे." मंडळावर खळबळ उडाली. न्यू जर्सीनं खाली राजस्थानातल्या त्या दिवसाच्या तापमानाचा दुवा दिला आणि लिहिलं, "सहमत."

हे सगळं चालू असताना बहिणीचं एक काम अडलं होतं. लग्नाआधी बारावीला तिला चांगले गुण होते. त्यावर डी.एड.च्या यादीत तिचं नाव लागलं होतं, तेही कोल्हापुरातल्याच कॉलेजात. प्रवेश घ्यायची मुदत जवळ आली होती. सासरे नाही म्हणत नव्हते. ते म्हणत, "त्याला विचारू की." पण फोनवर कधी विचारत नव्हते. म्हैस फोनवर बोलायची गोष्ट, सुनेचं शिक्षण घरात बसून बोलायची गोष्ट, असा त्यांचा हिशेब असावा. आणि घरात बसून बोलायला पोरगा घरात नव्हता. सगळ्यांसमोर बहिणीला ते विचारता येत नव्हतं.

तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, तुझ्या पाळीला तू इचार. नुसतं म्हण, प्रवेश घिऊ दे म्हणून मामंजींस्नी सांगा. एवढंच."

"एवढंच ना? आत्ता विचारतो की," मी म्हणालो.

त्या रविवारी फोन हातात आला. मंडळावर आठवडाभर सुरुंगांवरून वाद पेटला होता. शेतात सुरुंग पेरलेत की नाहीत, पेरले असतील तर शेतकऱ्यांचं काय. न्यू जर्सीनं कुठल्याशा वर्तमानपत्राचा दाखला दिला होता. मी मनात म्हटलं, आधी एक प्रश्न सुरुंगाचा, मग लगेच प्रवेशाचा.

"दाजी, तिकडं शेतातनं सुरुंग पेरल्यात म्हणं, खरं हाय काय?"

दाजी म्हणाले, "असलं फोनवर बोलायचं नसतं हो. आबांची तब्येत कशी हाय?"

"बरी हाय. पण नुसतं हो का न्हाय एवढं तरी..."

लाईन तुटली.

बाहेर आलो तर बहीण उठून उभी राहिली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि सगळं ओळखलं.

"काय म्हणालं? लढाई हाय का न्हाय?"

"सांगत न्हाईत."

"आणि माझं?"

भाई गल्ल्यावरून म्हणाले, "सेनापती, घरची आघाडी पडली की ओ."

आता मुदतीच्या आत एकच रविवार उरला होता. फोन येईलच याची खात्री नव्हती. मी मनावर घेतलं. सासऱ्यांनाच पटवून द्यायचं, दाजींच्या फोनची गरजच ठेवायची नाही. कॅफेत बसून मुलींच्या शिक्षणाविषयी सरकारी धोरण काय, योजना काय, शिक्षिकांची गरज किती, अशी माहिती गोळा केली. न्यू जर्सीनं लावलेली सवय कामाला आली. प्रत्येक मुद्द्याला संदर्भ होता. भाईंकडून कागद छापून घेतले आणि मधल्या वारी रजा काढून एसटीनं शाहूवाडी गाठली.

सासरे चिखलात उतरले होते. पाय धुऊन घराच्या पुढच्या सोप्यात बसले, चहा मागवला आणि मी वाचून दाखवलेलं सगळं मन लावून ऐकलं. पहिल्या मुद्द्याला म्हणाले, "बरोबर हाय." दुसऱ्याला म्हणाले, "अगदी बरोबर." तिसरा मुद्दा माझ्याआधी त्यांनीच पुरा केला. वर म्हणाले, "बाईमाणूस शिकलं की घर सुधारतंय, ह्यात वादच न्हाय पावणं."

मी भारावून विचारलं, "मग उद्या प्रवेश घेऊन टाकू?"

"त्याला विचारू की," सासरे म्हणाले.

मंडळावर इतक्या महिन्यांत माझ्याशी कुणी अर्ध्या वाक्यालाही सहमत झालं नव्हतं. इथं मला आयुष्यातली पहिली संपूर्ण सहमती मिळाली होती आणि तिचा उपयोग शून्य होता. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी ते कागद वाऱ्यासाठी वापरले.

रविवारी आम्ही पुन्हा बाकड्यावर. दुपार कलली तरी फोन नाही. आबा भाईंना दोनदा म्हणाले, "लाईन बघा की जरा." बहीण बाकड्याच्या टोकाला बसली होती, बूथच्या दाराशी. नेहमी ती दुसऱ्या टोकाला बसायची. हे माझ्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ लक्षात आला नाही.

घंटी वाजली. सासरे गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. तेवढ्यात बहीण उठली, बूथमध्ये गेली आणि आतून दार ओढून घेतलं.

क्षणभर कुणालाच काही कळेना. मग आबा म्हणाले, "अगं! मामंजी हाईत की हितं! भाईर ये!"

काचेतून ती दिसत होती. तिनं आमच्याकडं पाठ केली होती आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. आबा दाराकडं निघाले. दारासमोर मी होतो. मी हललो नाही. हा काही निश्चय नव्हता, पाय हलेनात एवढंच.

"सर की बाजूला," आबा म्हणाले.

काहीतरी बोलायला हवं होतं. आणि मला दुसरं काय येत होतं?

"मामा," मी सासऱ्यांना म्हणालो, "तुम्हाला काय वाटतंय, लढाई व्हईल का?"

सासरे अर्धवट उठलेले तसेच थांबले. पोरगा सीमेवर असलेल्या त्या माणसाला इतक्या महिन्यांत हा प्रश्न आमच्यापैकी कुणीच विचारला नव्हता. लंडनला विचारून झाला होता, बंगळुरूला विचारून झाला होता.

"न्हाय व्हायची," ते म्हणाले. मग आवाज चढवून, "का व्हईल? इतकं दिस पोरं उन्हात हुभी केल्यात, व्हायची असती तर व्हऊन गेली नसती?"

"असं कसं?" आबा वळले. "एकदा काय ते करूनच टाकाय पायजे. रोजची कटकट मिटंल."

"कटकट मिटंल? तुमचा कोण हाय तिथं?"

"जावाय हाय की माझा!"

"जावाय तुमचा, पोरगा माझा!"

भाई गल्ल्यामागून उठले. "आबा, करून टाकाय ते काय चपलेचा तुटलेला अंगठा हाय?" पार्टिशनमागून कॉलेजची दोन पोरं बाहेर आली. एकानं अणुबॉम्ब काढला. रस्त्यावरून जाणारा एक मनुष्य फोन करायला आत शिरला होता, तो फोन विसरून म्हणाला की सरकारचं सगळंच चुकतंय, गॅसपासून. सासरे आता पुरते उभे राहिले होते. डोंगरातल्या माणसाचा आवाज, तो चौकापर्यंत जात असणार. इतक्या वर्षांच्या वादविवादात मी एवढा दणदणीत वाद पाहिला नव्हता. कुणी कुणाला संदर्भ मागत नव्हतं. कुणाचंही लक्ष बूथकडं नव्हतं.

मी दाराला पाठ लावून उभा होतो. काचेतून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. 'हं' मात्र एकदाही ऐकू आला नाही. ती सलग बोलत होती. मध्येच हसलीही.

मग पाठीवर टकटक झाली. मी सरकलो. तिनं दार उघडलं, रिसीव्हर पुढं केला. "मामंजी, तुमास्नी बलवत्यात."

सासरे अणुबॉम्बवाल्या पोराला "थांब जरा" म्हणून आत गेले. ते कान लावून ऐकत राहिले. म्हशीचं निघालं नाही. "हं," ते म्हणाले. "हं... बरं... व्हय... मी कुठं न्हाय म्हटलंय?" आणि मग, "तू जप."

लाईन तुटली. त्या रविवारी आबांची पाळी आली नाही, माझीही नाही. पुढचे दोन दिवस मंडळावर माझी बातमी आली नाही, तर लोकांनी सीमेशी संपर्क तुटला आहे, नक्की काहीतरी शिजतंय, असं ठरवून टाकलं.

सासऱ्यांनी टोपी नीट केली आणि सुनेकडं बघितलं. "कुठं हाय ते कॉलेज?"

"हितनं लांब न्हाय. पण आज रविवार हाय मामंजी. बंद असंल."

"असू दे की. भाईरनं बघू."

आबा आणि भाई अजून वादात होते, त्यांना तिथंच सोडून आम्ही तिघं चालत निघालो. फाटक बंदच होतं. सासऱ्यांनी कुलूप हलवून बघितलं, गजांतून आत पाहिलं, वॉचमनला हाक मारून विचारलं, प्यायच्या पाण्याची सोय हाय का, आणि पोरी किती वाजता सुटत्यात. वॉचमन सांगत होता आणि ते मान डोलवत होते. बहीण जरा पुढं, भिंतीवर लावलेल्या प्रवेशाच्या यादीसमोर उभी होती. नाव सापडल्यावरही ती वरपासून खालपर्यंत सगळी नावं वाचत राहिली.

"शाहूवाडीची एसटी कुठनं मिळंल हितनं?" सासऱ्यांनी मला विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं, तर बहीणच म्हणाली, "मला ठावं हाय. चला."