न पाहिलेला ढोल

नवरा गेल्यानंतर अकराव्या महिन्यात मी ढोल घ्यायला निघाले.

बुलढाण्याच्या आमच्या घरातली मागची खोली त्यांनी गाण्यासाठी केली होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीला दुहेरी पडदा, मध्ये कीबोर्ड, संगणक आणि दोन माईक. शाळेत गणित शिकवून घरी आले की ते तिथे आपल्या चाली बसवत. पेटी आणि तबला वाजवणारे दोन मित्र रविवारी येत. त्यांच्या बहुतेक गाण्यांत एक ढोल असे. तो कानांआधी पोटाला कळायचा. शेजारच्या खोलीत वाचत बसलेली मी पान उलटायची थांबायचे.

हा ढोल सोनाळ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आदिवासी वस्तीतल्या एका म्हाताऱ्याचा आहे, असं ते सांगत. तिथे जाऊन आपण स्वतः त्याचा आवाज रेकॉर्ड करून आणतो, असंही. मी एकदा म्हटलं, "मलाही न्या की."

"नेलं असतं गं तुले. पण बाईच्या नजरेले तो ढोल पडू देत नाहीत ते. बाईनं पाहिला का आवाज बसते म्हणतात. त्यांचा रिवाज आहे, आपण काऊन मोडावा?"

मला ते पटलं. दुसऱ्यांच्या रिवाजाचा मान ठेवावा, हे मी ग्रंथालयातल्या नोकरीत पुस्तकांतूनच शिकले होते. पुढे मी त्या ढोलावर एका छोट्या मासिकात चार पानी लेख लिहिला. म्हातारा, त्याचा ढोल, दाराआड पाठ करून उभ्या राहणाऱ्या बाया. वाचकांची पत्रं आली. घरी लेख वाचून ते म्हणाले, "तू तं पाहून आल्यासारखं लिहिलं." मला ती शाबासकी वाटली.

पहिल्या स्मृतिदिनाला त्यांची गाणी त्याच खोलीत वाजावीत, मित्रांनी ती प्रत्यक्ष वाजवावीत, आणि तो आवाज एकदा पुन्हा घरात यावा, एवढीच माझी इच्छा होती. नांदुऱ्याच्या दुकानात पाच-सहा ढोल वाजवून पाहिले. कातड्याऐवजी प्लास्टिकच्या पुड्या ताणलेले, आवाजाने मोठे, पण आत काही नाही. दुकानदारच म्हणाला, "बाई, हा वरातीचा माल हाये. घुमणारा पाहिजे तं सोनाळ्याकडं जा. तिकडं वस्तीवर एक जण बनवते."

वस्तीवर पोचले आणि कुंपणाशीच थांबले. अंगणात ढोल दिसत होते, म्हणून तोंड रस्त्याकडे केलं. ढोलवाल्याची बायको अंगणात बसून कातडं तासत होती.

"ओ बाई, तिकडं काय पाहून राह्यल्या? ढोल इकडं हायेत."

"मी पाहिलं तर चालेल ना?"

"पाहाल नाही तं घ्याल कशा?" ती हसली. "कातडं मी तासते, दोऱ्या मी ओढते. हा बुवा फक्त दोन थापा मारते आन् माझा ढोल, माझा ढोल करत फिरते."

"गिऱ्हाइकापुढं तरी गप बस वं," ढोलवाला आतून म्हणाला.

मी आत गेले. फोनवर नवऱ्याचं गाणं लावलं आणि म्हटलं, मला असाच आवाज हवा. ढोलवाल्याने ते दोनदा ऐकलं, मग पुन्हा लावायला सांगितलं.

"हे कातडं नाही, बाई. मशीन हाये."

"कशावरून?"

"ढोल आगीवर तापवला का आवाज चढते, वाजवता वाजवता उतरते. हा गाणंभर एकाच जागी बसला हाये. आन् माणसाच्या दोन थापा कधी सारख्या पडत नाहीत. ही एकच थाप हाये, पुन्हा पुन्हा."

मी नवऱ्याचा फोटो दाखवला. दोघांनीही मान हलवली. असा कोणी इकडे आला नव्हता, आणि मी सांगत होते तसा म्हातारा त्यांच्या आठवणीत नव्हता.

"मंग बाईनं पाहू नाही, हे तुम्हाले कोणं सांगतलं?" बायकोने विचारलं. आता ती हसत नव्हती.

"कुठंतरी वाचलं होतं," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. लिहिलेलं माझंच होतं.

तिने तीन ढोल पुढे मांडले. आतून काळा लेप लावलेल्या पुडीवर मी तळहात मारला. पहिला ढोल फुटका बोलला, दुसरा उथळ. तिसऱ्याचा आवाज खोल होता, पण फोनमधल्यासारखा नव्हता. काठावर जरा खरखरत होता. मी तोच घेतला.

स्मृतिदिनाला मित्र आले. ढोल पाहून तबलेवाले खूश झाले. मी त्यांना सरळ विचारलं, "गाण्यातला ढोल कीबोर्डचा होता, हे तुम्हाला माहीत होतं?"

दोघे एकमेकांकडे पाहू लागले. "वहिनी, आमच्यासमोरच तर वाजवायचे ते. आम्हाला वाटलं, तुम्हालाही माहीत असेल. तुमचा लेख वाचून आम्ही म्हटलं, वहिनींनी काय सुंदर कल्पना केली!"

म्हणजे दर रविवारी भिंतीपलीकडे ते तिघे होते आणि अलीकडे मी एकटी. कीबोर्डवर वाजवतो म्हटलं असतं, तर मला तो आवाज कमी आवडला असता का? हे विचारायला माणूस उरला नाही, आणि भांडायलाही. त्या दिवशी गाणी झाली. ढोल तबलेवाल्यांनी वाजवला. मी ऐकलं, पण रडू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मासिकाच्या संपादकांना चार ओळी पाठवल्या. त्या लेखातला म्हातारा, ढोल आणि रिवाज, काहीच खरं नाही, तसं छापा. त्यांचा फोन आला.

"आता कशाला, बाई? इतकी वर्षं झाली. लोकांना आवडलेला लेख आहे."

"ज्यांच्याविषयी लिहिला, त्यांना मी भेटून आले."

"बरं. पण चूक कशामुळे झाली म्हणून लिहू? कोणी चुकीची माहिती दिली का?"

 

"लिहा," मी म्हटलं, "की मी न जाता लिहिलं."

नवऱ्याचं नाव मी येऊ दिलं नाही. ते प्रेमापोटी केलं, असं मात्र मला अजून म्हणता येत नाही.