चौकशी खिडकी

नवरा तिला चौकशी खिडकी म्हणायचा, आणि त्यात काडीचीही अतिशयोक्ती नव्हती. दिवा बदलायला आलेल्या वायरमनला ती इतके प्रश्न विचारी की तो बिचारा चहा थंड करून जाई.

बावीस वर्षं कारखान्यात सोफे शिवल्यावर तिने स्वतःचं दुकान टाकलं. एक खोली, एक मशीन, भिंतीला टेकवलेले फोमचे ताव. हौस दांडगी, पण गिऱ्हाईक काही फिरकेना. कारखान्याच्या मुकादमाने निरोप धाडला, "तुमचं इथलं मशीन अजून रिकामंच आहे." तो निरोप तिला फार झोंबला. परत जायचं नव्हतं, म्हणून ती धंदेवाल्यांच्या गटात शिरली.

गट दर बुधवारी सकाळी सातला एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये भरे. नियम कडक. एका धंद्याचा एकच सदस्य, त्यामुळे तिथे सोफे शिवणारी ती एकटीच. प्रत्येकाने उभं राहून साठ सेकंदांत आपलं काम सांगायचं, घंटी वाजली की बसायचं. कुणासाठी गिऱ्हाईक हेरलं असेल तर चिठ्ठीवर लिहून द्यायचं. शिवाय आठवड्याला एका सदस्याबरोबर तासभर बसून एकमेकांचा धंदा समजून घ्यायचा.

साठ सेकंद म्हणजे तिला शिक्षाच. "मी सोफे शिवते. खुर्च्यापण," एवढं बोलून ती मटकन बसायची. उरलेला वेळ टाइल्सवाले अध्यक्ष घड्याळाकडे बघत काढायचे.

पण तो तासभर! तिथे बाईंची कळी खुलायची. पेस्ट कंट्रोलवाल्याला तिने विचारलं, "वाळवीला कसं हो कळतं, कुठलं लाकूड मऊ ते?" इतकी वर्षं त्याला लोकांनी फक्त "वास किती दिवस राहील?" एवढंच विचारलेलं. गडी असा काही रंगला की तासाचे दोन झाले. उठताना "बाकी तुमचं बरं चाललंय ना?" म्हणाला आणि गेला. छापखानेवाल्याचं तेच, विमेवाल्याचं तेच.

सगळ्यांचे धंदे असे आतून माहीत झाल्यामुळे तिच्या चिठ्ठ्या नेमक्या लागू पडायच्या. सहा महिन्यांत तिने एक्केचाळीस दिल्या. तिला मिळाल्या दोन, आणि त्यातली एक पडद्यांची होती. पडदे ती शिवतच नव्हती!

सहामाही आढाव्याला मागच्या रांगेत कडक इस्त्रीतला एक पाहुणा येऊन बसला. फर्निचरच्या मोठ्या शोरूमचा मालक. आढाव्यात ज्याला काम मिळालेलं दिसत नाही त्याची गटातली जागा दुसऱ्याला मिळे, आणि याला तिची जागा हवी होती. जागा गेली की दुकान गेलं आणि मग कारखान्यातलं ते रिकामं मशीन, हे तिला लख्ख दिसत होतं.

अध्यक्ष उभे राहिले. "मावशींना गटातून फारसं काम मिळालेलं दिसत नाही. त्यांचं काम नेमकं काय, हे मिनिटभर कोण सांगेल?"

विमेवाल्याने कपात डोकं घातलं. पेस्ट कंट्रोलवाला उठला. "मावशींनी माझं सगळं विचारून घेतलं, अगदी आईच्या गुडघ्यापर्यंत. आणि मी..."

तिला रडू यायला लागलं. पण दोष त्यांचा नव्हता, हे तिलाही कळत होतं. आपण विचारत राहिलो की आपल्याला कुणी विचारत नाही, ही सोय तिने स्वतःच करून ठेवली होती. कारखान्यात मान खाली घालून बावीस वर्षं गेली. उत्तर द्यायची सवयच नव्हती.

पेस्ट कंट्रोलवाला अजून उभाच होता. त्याने स्वतःची खुर्ची पुढे ढकलली. "मावशी, हिच्या आत काय असतं हो?"

तिने नाक पुसलं, खुर्ची उलटी केली आणि पिशवीतली कात्री काढली. खालचं काळं कापड टराटरा उसवलं. "हे पट्टे बघा. सगळा भार यांच्यावर. एक सैल पडला की माणूस कलतो. अध्यक्ष दर बुधवारी डावीकडे कलतात ना, ते त्यांच्या खुर्चीचा पट्टा सैल आहे म्हणून."

"अहो, मी कमरेसाठी डॉक्टर केला!" अध्यक्ष ओरडले.

घंटी वाजली. कुणी लक्ष दिलं नाही. सगळे उठून भोवती आले, शोरूमवालाही टाचा उंचावून बघू लागला. "आमच्याकडच्या खुर्च्यांतपण असंच असतं का?" त्याने विचारलं.

"ते तुम्ही आम्हाला सांगायचं!" अध्यक्ष म्हणाले. हॉलभर हशा पिकला आणि तिची जागा तिच्याकडेच राहिली.

निघताना तिच्या हातात सात चिठ्ठ्या होत्या. जिन्यात थांबून तिने एकेक वाचली. शेवटची अध्यक्षांची. कामाच्या रकान्यात 'वडिलांची आरामखुर्ची' असं लिहिलं होतं, आणि खाली बारीक अक्षरात, 'उसवताना बघायला आलो तर चालेल का?'