तिकीट काढून बाहेर बसणारे मामा

गेल्या तीस वर्षांत आपल्या पेठेच्या फुटबॉल संघाचा एकही सामना चुकवला नाही आणि एकही सामना बघितला नाही, असा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. मी मूळचा सांगलीचा. म्हणजे फुटबॉलमधलं मला काडीचं कळत नाही, हे सासरी पहिल्याच दिवशी सर्वानुमते ठरून गेलं होतं. त्यामुळे मामांचा प्रकार बघून मला आधी वाटलं, इथली रीतच असेल. मग बायकोनं सांगितलं, "तसं काय न्हाय. आमचा मामाच तेवढा तसा हाय."

सामन्याच्या दिवशी मामा दुपारी तीनला पेठेच्या रंगाचा टॉवेल खांद्यावर टाकून स्टेडियमवर जातात, उन्हात रांगेत उभे राहून तिकीट काढतात, ते खिशात घालतात आणि रांगेतून बाहेर पडून भिंतीशी भडंगवाल्याच्या शेजारी स्टुलावर बसतात. भिंतीला पाठ, तोंड रस्त्याकडे. आत हजारो माणसं घसा फाडून ओरडत असतात आणि मामा केएमटीच्या बसेस बघत असतात. "मग तिकीट कशाला काढता?" असं मी एकदा विचारलं. मामांनी माझ्याकडे फारच वाईट नजरेनं बघितलं. "पावणं, फुकट ऐकायचं न्हाय."

या सगळ्याचं कारण मामांची नजर. तरुणपणी एका फायनलला पेठ एका गोलनं पुढं होती. मामा पायरीवर बसले होते. त्यांनी डोळे भरून बघितलं आणि बरोबरी झाली. ते शेंगा आणायला बाहेर गेले, पेठेनं गोल मारला. शेंगा घेऊन आत आले, पेठेनं दोन खाल्ले. असं लागोपाठ तीन सामन्यांत झाल्यावर मित्रांनीच त्यांना उचलून गेटबाहेर ठेवलं. मामांना याचं वाईट वाटलं नाही, उलट जबाबदारी अंगावर आली. आता सामना अटीतटीचा झाला की आतून एक माणूस धावत येतो, मामा जागेवर असल्याची खात्री करतो आणि परत जातो. एकदा ते तापानं फणफणले होते, तर पेठेतल्या चौघांनी रिक्षा आणून त्यांना ब्लँकेटसकट भडंगवाल्याशेजारी नेऊन बसवलं. पेठ जिंकली. ताप चार दिवस राहिला.

तीस वर्षं ऐकून ऐकून मामांचा कान असा काही तयार झालाय की विचारू नका. 'हाऽऽ' असा लांब सूर निघाला की बॉल पोलवर. तोच मध्येच तुटला तर गोलकीपरनं काढला. शिट्टी आणि पाठोपाठ पंचांच्या घराण्याचा उद्धार झाला, तर ऑफसाइड. पुढे स्टेडियम आधुनिक झालं. खुर्च्या आल्या, उंच दिवे आले, विजेचा स्कोअरबोर्ड आला. सगळं शहर खूश झालं. मामांची मात्र झोप उडाली, कारण मान जरा वळली की स्कोअरबोर्ड त्यांच्या स्टुलावरून दिसायचा. त्यांनी स्टूल चार हात सरकवलं. मग गोल झाला की कर्ण्यातून गाणं वाजू लागलं, दोन्ही संघांना तेच गाणं. मामांनी संयोजकांना रीतसर अर्ज केला : दोन संघांस दोन वेगळी गाणी असावीत, बाहेर बसणाऱ्यांची गैरसोय होते. अर्ज वाचून एक कार्यकर्ता हात जोडून म्हणाला, "काका, आत येऊन बसा की! जागा धरून ठेवतो." मामा अर्जाची पोच घेऊन परत आले.

इथवर सगळं गमतीचं होतं. पण मामांची लेक प्राजक्ता मुलींच्या संघात गोलकीपर झाली आणि पंचाईत झाली. तिच्या सामन्यांना मामा भडंगवाल्याकडे बसत नसत. ती ज्या बाजूच्या गोलात उभी असेल, त्या बाजूच्या भिंतीमागे बसत. हाफटाइमला गोल बदलले की मामा स्टूल उचलून स्टेडियमला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जात. पाच वर्षं पोरगी गोलात आणि बाप तिच्या मागे भिंतीपलीकडे. तिनं अडवलेला एकेक बॉल मामा ताटावर बसून वर्णन करून सांगायचे, आणि तिला खेळताना त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं.

मग प्राजक्ताला खेळाडू म्हणून पोलिसात नोकरी लागली, नागपूरला. मंगळवारी हजर व्हायचं होतं आणि रविवारी फायनल होती. तिचा इथला शेवटचा सामना. ती माझ्याकडे आली. "दाजी, आप्पांना आत घेऊन या. हरलो तरी चालंल. पर एकदा त्यांनी मला बघितलं पायजे."

मी निरोप पोचवला. मामा म्हणाले, "तिला चालंल. बाकीच्या धा पोरींनी काय पाप केलंय?"

मी हे तसंच प्राजक्ताला जाऊन सांगितलं. तिच्याकडे उत्तर होतं. शनिवारी सकाळी दहाच्या दहा पोरी घरात येऊन बसल्या. मामींनी चहा टाकला. कॅप्टन पोरगी चहाची बशी खाली ठेवून म्हणाली, "काका, आम्ही समद्यांनी ठरवलंय. तुम्ही यायचं. हरलो तर आमचं आम्ही बघू." मामा एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिले. एखादी तरी 'नको' म्हणेल, अशी त्यांना आशा होती. कोणीच म्हणाली नाही.

रविवारी मामा आत आले. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. पहिला हाफ तसाच गेला, शून्य-शून्य. दुसऱ्या हाफमध्ये प्राजक्ता आमच्या बाजूच्या गोलात आली. मी म्हटलं, "मामा, ती बघतीय इकडं." मामांनी डोळे उघडले. हातमोजे घातलेली ती पोर पुढच्या चौघींवर खच्चून ओरडत होती. मामा कितीतरी वेळ बघत राहिले, मग मला हळूच म्हणाले, "येवढी उंच कवा झाली ही?"

तिनं तीन बॉल अडवले. चौथा तिच्या हाताला लागून आत गेला. कर्ण्यात गाणं वाजलं. सामना एक-शून्यनं गेला.

मामा मान खाली घालून मैदानाभोवतीच्या जाळीपाशी गेले. प्राजक्ता धावत आली. "आप्पा, गोल माझ्यामुळं झाला. मी लवकर उडी मारली."

"तुझ्यामुळं न्हाय. मी बघितलं म्हणून झाला."

"तुमचा काय संबंध? हात माझा हुता!"

"नजर माझी हुती!"

बापलेकीत जाळीच्या दोन्ही बाजूंनी चांगलं जोरात भांडण लागलं. दोघंही रडत होती आणि दोघंही मागे हटायला तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती गेली. मामा पेठेच्या सामन्यांना पुन्हा स्टुलावर बसायला लागले. प्राजक्ताचे सामने आता कधीमधी मोबाईलवर थेट दिसतात. सुरुवातीला मामा फोन टेबलावर पालथा घालून नुसता आवाज ऐकायचे. पण नागपूरच्या लोकांचं ओरडणं त्यांना उमगेना. परवा मी गेलो, तर फोन तांब्याला टेकवून उभा केला होता आणि मामा चष्मा लावून पुढे वाकून बसले होते. प्राजक्ताच्या संघाला दोन गोल बसले होते.

"मामा, बघताय की काय?" मी विचारलं.

मामांनी मान वर केली नाही. "हरली तर हरू दे, पावणं," ते म्हणाले. "दिसती तरी."