कडब्याच्या गंजीपासून दहा हातांवर

रोटरी इंजिनाची जुनी स्पोर्ट्स कार घेऊन दुष्काळात बीडकडे जाऊ नकोस, असं मला तिघांनी सांगितलं. मी कुणाचंच ऐकलं नाही, कारण दत्ताचा फोन आला होता. दत्ता माझा कॉलेजातला मित्र, लिंबागणेशजवळच्या एका गावात सोसायटीचा सचिव. सोसायटीनं जनावरांसाठी चारा छावणी उघडली होती. "ये की बघायला. गनपतीलाबी जाऊन येऊ," म्हणाला.

पुण्याहून नगर, पाथर्डी, गढी असा रस्ता धरा. पाथर्डीपुढं खड्डे फार; बुटक्या गाडीचं पोट गतिरोधकाला घासतंच. गढीला शेवभाजी-भाकरी शंभराच्या आत झाली, डोळ्यांत पाणी आणणारी. बीडला टाकी भरून घ्या. पुढं रानात हिरवं म्हणून काही दिसलं नाही आणि मी काच वर केली, धुळीमुळं म्हणून.

छावणीत चार-पाचशे जनावरं आणि त्यांच्याजवळच मुक्कामाला आलेली माणसं. मी गाडी छावणीतच लावली आणि सोसायटीच्या ऑफिसात झोपलो.

सकाळी दुधाचा टेम्पो आला. "सायेब, गाडी जरा मागं घ्या," ड्रायव्हर म्हणाला. मी गाडी चालू केली, पाच-सहा हात मागं घेतली आणि बंद केली.

रोटरीवाले इथं कपाळावर हात मारतील. हे इंजिन थंड असताना चालू करून लगेच बंद केलं की आत पेट्रोल साचतं, तेलाचा थर धुऊन जातो, आत दाब तयार होत नाही आणि मग ते काही केल्या पेटत नाही. मला हे पाठ होतं. तरी केलं.

मग नुसती किल्ली फिरवत बसलो. चार वेळा. पेट्रोलचा वास डोक्यात गेला, तरी थांबलो नाही; एवढ्या लोकांसमोर लाज वाटत होती. पाचव्यांदा किल्लीला हात घातला तेव्हा शेजारी दोन म्हशी बांधून राहिलेली गयाबाई तांब्या घेऊन आली. "पानी घेता का, दादा? घाम बगा केवडा आलाय." टँकरचं मोजून मिळणारं पाणी ते. नाही कसं म्हणणार? उतरलो, प्यायलो. तेवढ्यात दत्तानं बोलावलेले मेकॅनिक सलीमभाई मोटरसायकलवरून आले.

त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. "चावी द्या आदी. हे रोटरी-बिटरी मला म्हाईत न्हाई, पेट्रोल म्हाईत हाय. मागं बगा."

मागं बघितलं. सायलेन्सरपासून दहा हातांवर कडब्याची घराएवढी गंजी. तिच्या दोन्ही अंगांना साखळीनं बांधलेली जनावरं. पेट्रोल साचलेलं रोटरी इंजिन पेटताना सायलेन्सरमधून जाळ फेकतं. असले व्हिडिओ मी मित्रांना कौतुकानं दाखवायचो. मी खालीच बसलो.

आठ-नऊ जणांनी गाडी ढकलत लांब मोकळ्या रानात नेली. सलीमभाईंनी पेट्रोल येऊ नये म्हणून पंपाचा फ्यूज काढला, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलच्या वायरी सोडल्या, प्लग काढले. किल्ली फिरवली तशी प्लगच्या भोकांतून पेट्रोलची चिळकांडी उडाली. वास जाईपर्यंत सलीमभाईंनी कुणाला बिडीसुद्धा पेटवू दिली नाही. मग आत थोडं तेल, कोरडे प्लग, वायरी, फ्यूज.

"मागं कुनी थांबू नका बे!" सलीमभाई ओरडले.

पहिल्यांदा नुसती घरघर. दुसऱ्यांदा बार झाला आणि सायलेन्सरमधून हातभर जाळ निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गयाबाई तोंडाला पदर लावून हसली. एकटे सलीमभाई हसले नाहीत.

लिंबागणेशला गेलो, पण देवासमोर काय मागावं ते सुचेना. परतीला वाटेत कुठंही गाडी बंद केली नाही.

तुमची अशी गाडी असेल तर हातभर हलवायची असली तरी ढकला. चालू केलीच, तर इंजिन चांगलं गरम होईपर्यंत बंद करू नका. वास आला की किल्ली सोडा आणि आधी मागं काय आहे ते बघा.

छावणीतल्यांना वाटतं, पाहुण्याची गाडी बिघडली आणि झकास बार उडवून चालू झाली. दत्ता फोनवर अजून हसतो. गाडीवाले दादा परत कधी येणार, असं गयाबाई विचारत होती, म्हणतो. ती पाणी घेऊन दोन मिनिटं उशिरा आली असती तर काय झालं असतं, हे मी त्याला अजून सांगू शकलेलो नाही.