कोऱ्या कागदांवरच्या सह्या

परदेशातून कायमच्या परत आलेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. किती कमावलंत, आणि परत का आलात? आमच्या लिफ्टवाल्याला मात्र स्वतःलाच एक तिसरा प्रश्न पडला होता, आणि त्याचं उत्तर द्यायला कुणी माईचा लाल तयार नव्हता. माझ्या गाडीचा विमा उतरवणार कोण?

लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. चौदा वर्षं त्यानं परक्या शहरात अडकलेल्या लिफ्टमधून घामाघूम झालेली माणसं बाहेर काढली. त्यासाठी कंपनीची व्हॅन घेऊन उन्हापावसात, बर्फात गावभर फिरला, पण गाडीला एक ओरखडा नाही. तिथल्या विमा कंपनीनं तसं लेटरहेडवर लिहूनही दिलं होतं. मग आई गेली, वडील एकटे पडले, आणि बिऱ्हाड गुंडाळून तो बायकोला आणि आठ वर्षांच्या चिमीला घेऊन घरी आला. ते पत्र त्यानं पासपोर्टच्या पाकिटात असं जपून आणलं होतं, की जणू काही ते दाखवलं की लोक उठून खुर्ची देणार आहेत.

नशीब इतकंही वाईट नव्हतं. पंधरा दिवसांत त्याला लिफ्टच्याच कंपनीत नोकरी मिळाली. अट एकच. कुठेही कुणी अडकलं की अर्ध्या तासात तिथे पोचायचं, त्यामुळे स्वतःची गाडी हवी आणि तिचा कामाच्या वापरासकट पूर्ण विमा हवा. पॉलिसीची प्रत एक तारखेला टेबलावर, नाहीतर यादीतला पुढचा माणूस आत. साठवलेलं होतं ते आईच्या दवाखान्यात गेलेलं, तेव्हा ही नोकरी हातची घालवणं त्याला परवडणारं नव्हतं.

गाडी घरात होतीच. जाण्याआधी त्यानं स्वतःच्या नावावर घेतलेली, आणि चौदा वर्षं वडिलांनी चालवलेली. तिची पॉलिसी महिनाअखेरीला संपत होती. जुन्या कंपनीनं कारण न देता पुढे विमा द्यायला नकार कळवला. दुसऱ्या कंपनीतल्या टायवाल्या पोरीनं लेटरहेड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "सर, ही बाहेरची वर्षं आम्ही धरत नाही. आमच्या हिशेबानं तुम्ही कालच गाडी शिकलात." तिसऱ्यानं तिप्पट हप्ता सांगितला. चौथ्यानं तर फोनवर इतका वेळ गाणं ऐकवलं, की लिफ्टवाल्याला ते पाठ झालं.

शेवटी कुणीतरी विमाताईंचं नाव सुचवलं. मागच्याच गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत टेबल, प्रिंटर आणि फायलींचा ढिगारा मांडून बसणाऱ्या या बाई. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जिभेला हाड नाही, पण कामाला वाघीण. त्यांनी एक छोटी कंपनी शोधून काढली. ती बाहेरच्या पत्रावरची वर्षं धरत होती, हप्ताही झेपेल असा. लिफ्टवाल्याच्या जिवात जीव आला. विमाताईंनी त्याचं नाव संगणकात घातलं, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर म्हणालात ओरखडा नाही. इथे तीन वर्षांत तीन क्लेम आहेत तुमच्या नावावर."

"शक्यच नाही. मी इथे नव्हतोच!"

"मग हे कुणाचं भूत गाडी चालवत होतं?" त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला.

एकदा तळघरातल्या पार्किंगचा खांब. एकदा उभी केलेली स्कूटर. एकदा सोसायटीचं फाटक. प्रत्येक अर्जाबरोबर एक पत्र, प्रत्येकात लिहिलेलं, की गाडी मी स्वतः चालवत होतो. आणि खाली त्याची सही. खोटी नाही हो, खरीखुरी, त्याच्याच हातची, शेपटीला वळण दिलेली.

ती सही कुठून आली हे त्याला त्याच क्षणी समजलं. निघायच्या आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर बसून त्यानं वीस कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या होत्या. बँक म्हणू नका, वीज म्हणू नका, घराचा कर म्हणू नका, मागाहून कशाला सही लागेल कुणी सांगावं? आता हसू नका. ज्यांच्या घरातलं कुणी लांब राहतं त्यांनी आपलं कपाट उघडून बघावं, अशी एखादी चवड सापडेलच. सह्यांच्या वरचं अक्षर गोल, सुबक, एका रेषेत होतं. ते वडिलांचं होतं.

वडील म्हणजे ड्रायव्हरकाका. एकतीस वर्षं बस चालवली, अपघात शून्य. बैठकीच्या खोलीत तसं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत लावलेलं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते वाचून दाखवल्याशिवाय चहा मिळायचा नाही. परत आल्यापासून चिमीला शाळेत सोडायचं, आणायचं काम त्यांनीच हट्टानं मागून घेतलं होतं. सून म्हणाली, शाळेची बस आहे की. तर म्हणाले, "घरात ड्रायव्हर असताना पोर भाड्याच्या गाडीत जाणार?"

विमाताईंनी मार्ग सांगितला. काकांनी येऊन लिहून द्यायचं, की गाडी मी चालवत होतो. घेतलेले पैसे परत भरायचे. रक्कम फार नाही, कंपनी ताणून धरणार नाही, आणि ते तीन डाग ज्याचे त्याच्या नावावर जातील. "पण उद्यापरवात हो," त्या म्हणाल्या, "एक तारीख काही तुमच्यासाठी थांबायची नाही."

लिफ्टवाला घरी आला तेव्हा ड्रायव्हरकाका गाडीची काच पुसत होते. त्यानं सगळं एका दमात सांगितलं. काकांनी फडकं पिळलं.

"तो खांब आधी तिथे नव्हताच," ते म्हणाले.

"बाबा!"

"आणि ती स्कूटर कुणी गाढवानं आडवी लावलेली. माझी काय चूक?"

"चूक नव्हती तर माझं नाव कशाला लिहिलंत?"

"तुझ्या नावाला इथे कुठे काय धाड भरणार होती? तू कुठे इथे होतास!" काकांचा आवाज चढला. "एकतीस वर्षांत माझ्या नावावर एक डाग नाही. म्हातारपणी लावून घेऊ?"

लिफ्टवाल्याला वाटलं, यांना गदागदा हलवावं. आणि तू कुठे इथे होतास, हे शब्द त्याच्या वर्मी लागले. आई आजारी असतानासुद्धा तो दोनदाच येऊन गेला होता. तो आत निघून गेला.

दोन दिवस असेच गेले. बायकोनं एकदा सासऱ्यांना समजावून पाहिलं, तर त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. लिफ्टवाल्यानं कंपनीला फोन करून आठवड्याची मुदत मागितली, ती मिळाली नाही. तिप्पट हप्ता भरायचं त्यानं मनाशी ठरवलंही, आणि कुणाकडे हात पसरायचा याचा विचार करत बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी चिमीला शाळेत सोडून काका परत आले, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

"चल. कुठे सही करायची ते दाखव."

दोघे चालतच गेले. विमाताईंनी काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं, उगाच जास्तीचं बोलल्या नाहीत. काकांनी पत्र स्वतः लिहिलं. तिन्ही तारखा, तिन्ही जागा, गाडी मी चालवत होतो. लिहिताना त्यांचे कान लाल झाले होते. लिफ्टवाल्याला ते बघवत नव्हतं, पण तो थांबा म्हणाला नाही.

"झालं?" काका म्हणाले.

"आणखी एक सही काका. इथे, डावीकडच्या चौकोनात."

काकांचं पेन कागदावर फिरलं. उजवीकडे गेलं, मधे आलं. "कुठे?"

"हा काय, डावीकडे." विमाताईंनी बोटानं टकटक केली. चौकोन लाल होता आणि चांगला काड्यापेटीएवढा होता. काकांनी सगळी मान वळवली, तेव्हा कुठे तो त्यांना सापडला.

बिघाड शोधणं हा ज्याचा धंदा, त्या माणसानं विमाताईंनी छापून दिलेली त्या तीन क्लेमची पत्रं दहादा वाचली होती. खांब डावीकडे, स्कूटर डावीकडे, फाटकाचा डावा खांब. आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला नव्हता! त्यानं हळूच हात पुढे केला आणि वडिलांच्या डाव्या कानापाशी बोटं हलवली. काका सही करत राहिले.

"बाबा, डावीकडचं कधीपासून दिसत नाही?"

काकांनी पेनाला टोपण लावलं. ते नीट बसलं की नाही ते पाहिलं.

"तुझी आई होती तेव्हापासून. डॉक्टर म्हणाले, आता वाढेल पण कमी व्हायचं नाही. गाडी सोडा म्हणाले."

"आणि तरी तुम्ही चिमीला..." लिफ्टवाला एवढ्या जोरात ओरडला, की आतल्या खोलीतून विमाताईंचे यजमान डोकावले. "रोज! दोन वेळा! पोर आहे ती माझी!"

"तिला मी माझ्या मागे बसवत होतो," काका घाईघाईनं म्हणाले. "उजव्या बाजूला. एक दिवससुद्धा डावीकडे बसू दिलं नाही. म्हटलं, डावीकडून काही आलं तरी तिला..."

ते तिथेच थांबले. आपण काय बोलून गेलो हे त्यांना बोलता बोलताच कळलं असावं. लिफ्टवाल्याला त्यांचा हात धरावासा वाटला आणि त्याच वेळी टेबल उलथून टाकावंसं वाटलं. त्यानं दोन्हीतलं काहीच केलं नाही.

विमाताईंनी खाली मान घालून नवा अर्ज पुढे ओढला. शेवटचा रकाना राहिला होता. "गाडी कोण कोण चालवणार?" त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं.

उत्तर काकांनी दिलं. "याचं एकट्याचं लिहा."

मग त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि टेबलावर, मुलाच्या हातापाशी ठेवली. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते.

"साडेबाराला सुटते ती," काका म्हणाले. "शाळेसमोर गेलास की दोनदा हॉर्न वाजव. गेट डाव्या हाताला आहे, तिथे ती कुठे उभी असते ते मला कधी दिसलं नाही. हॉर्न वाजवला की ती धावत येते."