जांभळ्या दिव्याखाली आमचं कुटुंब

एका रविवारी भर दुपारी आमचं चार जणांचं कुटुंब न्हाणीघरात दार लावून, अंधारात उभं होतं आणि चमकत होतं.

मी सोलापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. (मला ते येतं, असा तोपर्यंत माझा समज होता.) जनुकं कशी बदलतात हे मुलांनी स्वतः करून बघावं, म्हणून कॉलेजनं एक किट मागवलं होतं. निरुपद्रवी जिवाणूंत जेलीफिशचं जनुक घालायचं. जमलं, तर ते किटातल्या जांभळ्या दिव्याखाली हिरवे चमकतात. सोमवारी प्रात्यक्षिक. मुलांपुढं फजिती नको, म्हणून मी घरीच तालीम केली आणि चक्क जमलं! जिवाणूंची ती बशी बायकोला दाखवायला धावलो, तर हातातून निसटून ओट्यावर पालथी!

"अहो, तिथं मला पोळ्या लाटायच्यात!" वैशाली किंचाळली.

"निरुपद्रवी आहेत गं," म्हणत मी ओटा जंतुनाशकानं तीनदा पुसला. खात्रीसाठी खिडकी लावून दिवा धरला. ओट्यावर काही नाही. सुटलो! तेवढ्यात उजेड माझ्या बनियनवर पडला. बनियन झगझगत होता!

'निरुपद्रवी' हा शब्द मी त्याच क्षणी विसरलो. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, हृदयाचं ऑपरेशन होऊन महिनाच झाला होता. त्यांना काही झालं तर? सगळ्यांना न्हाणीघरात कोंबलं. आबांचा लेंगा चमकला. वैशालीची नखं चमकली.

"आबा, आ करा!"

आबांनी आ केला. दात चमकले!

"किती दिवस हाईत रं माझे?" आबांनी हळूच विचारलं. मी फोन काढला आणि प्राचार्यांना मेसेज केला: 'घरात जिवाणू पसरले आहेत. सर्व कुटुंब चमकत आहे. प्रात्यक्षिक रद्द करावे.'

आई इतका वेळ आबांचा लेंगा निरखत होती. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तिनं वीस वर्षं काढलेली.

"तुझं ते जिवाणू कंच्या रंगाचं चमकत्यात म्हणलास?"

"हिरव्या."

"मग ह्यो लेंगा निळा दिसतोय की!"

मी बघितलं. निळाच होता.

"अरं, ही धुण्याच्या पावडरची चमक हाय. आमी पांढरं टॉवेल असल्याच दिव्याखाली तपासायचो. आन् दात, नखं सगळ्यांचीच चमकत्यात. आमी बाया एकमेकींचं दात बघून लई हसायचो."

"दार उघडा आता!" आबा ओरडले. "जिवाणूनं न्हाय, गुदमरून मरतोय मी!"

मी फोनवर झडप घातली, पण प्राचार्यांनी मेसेज वाचलेला होता. नाइलाजानं सगळी हकीकत खरी खरी लिहिली. दहा मिनिटांनी उत्तर आलं:

'प्रात्यक्षिक ठरल्याप्रमाणे होईल. आईंना अवश्य घेऊन या. तुम्ही त्यांना फाटकापर्यंत सोडून घरी गेलात तरी चालेल.'